जुनी स्पोर्ट्स कार: इंजिन जाण्याची शक्यता किती, आणि गेलं तर खर्च किती?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. मुक्काम न्यू जर्सी. शनिवार-रविवारी चालवायला जुनी, मॅन्युअल गिअरची गाडी घ्यायची आहे. बजेट सगळं धरून ३०,००० डॉलर. तीन गाड्या नजरेत आहेत:

पोर्शे बॉक्स्टर एस, २००३, ३.२ लिटर, ६२,००० मैल, मागणी १३,५००
पोर्शे केमॅन एस, २००७, ३.४ लिटर, ७१,००० मैल, मागणी २६,०००
बीएमडब्ल्यू एम३ कूपे (ई९२), २००८, व्ही८, ८८,००० मैल, मागणी २७,५००

तिन्हींबद्दल कुठेही वाचायला गेलं की तिसऱ्या ओळीत ‘इंजिन गेलं’ येतंच. हे खरं किती आणि बाऊ किती? इंजिन बदलावंच लागलं तर साधारण किती पैसे बाजूला ठेवायचे? आणि घेण्याआधी नेमकं काय तपासून घ्यायचं? ‘चांगल्या मेकॅनिकला दाखवा’ एवढं सांगू नका, त्याला काय दाखवायचं ते सांगा.

---

सपाट_सहा

आधी बॉक्स्टर. २००३ ची ३.२ म्हणजे एम९६.२४ इंजिन. यातला बदनाम भाग म्हणजे आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट) बेअरिंग. क्रँककडून चेनने फिरणारा एक मधला शाफ्ट असतो, तो पुढे दोन्ही बाजूंच्या कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) चेन चालवतो. त्याच्या एका टोकाला, फ्लायव्हीलच्या बाजूला, साधं बॉल बेअरिंग बसवलंय, दोन्हीकडून सील केलेलं, आत ग्रीस. काही वर्षांत सील कडक होतं आणि गरम इंजिन ऑइल आत झिरपून ग्रीस धुऊन नेतं. मग तेच शिळं, ओलसर ऑइल आत अडकून बसतं, ताजं ऑइल येत नाही. गोळ्यांवर आणि रेसवर (गोळ्या फिरतात त्या कडीवर) खड्डे पडतात. शेवटी बेअरिंग फुटलं की शाफ्ट डगमगतो, चेन उड्या मारते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तिथून पुढे इंजिन दुरुस्तीचं नाही, भंगाराचं.

शक्यता म्हणाल, तर अमेरिकेत २००१ ते २००५ मॉडेलच्या गाड्यांवरून पोर्शेविरुद्ध सामूहिक दावा झाला होता, २०१३ मध्ये तडजोड झाली. त्यातून पुढे आलेला आणि सगळीकडे सांगितला जाणारा आकडा असा: एकेरी ओळीचं बेअरिंग असलेल्या गाड्यांत साधारण ८ टक्के, त्याआधीच्या दुहेरी ओळीच्या बेअरिंगमध्ये १ टक्क्याच्या आत. तुमची २००३ ची एकेरीवाली. मात्र हे ८ टक्के वॉरंटीच्या दाव्यांवरून आलेले आहेत, म्हणजे गाडीच्या पहिल्या काही वर्षांतले. आज वीस वर्षांनी तोच आकडा लावता येत नाही, ना वर ना खाली. ज्यांची फुटायची होती त्यातल्या बऱ्याच यार्डात गेल्या, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांची बेअरिंगं बदलून झाली आहेत.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न: क्लच कधी बदलला, आणि तेव्हा आयएमएस बदललं का? गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरल्यावरच ते बेअरिंग हाती लागतं, त्यामुळे ही दोन्ही कामं एकत्रच होतात. पावती बघा. ‘आधीच्या मालकाने केलंय’ ही पावती नव्हे. केलेलं नसेल तर बेअरिंग, रिअर मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील), क्लच असं सगळं मिळून पोर्शे जाणणाऱ्या स्वतंत्र गॅरेजात अंदाजे ३,००० ते ४,००० डॉलर धरा. तेवढे मागणीतून वजा करायला सांगा.

काम कोण करतोय तेही बघा. क्रँक टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो ती स्थिती) पिनने लॉक करायची, कॅमच्या टोकाची हिरवी झाकणं काढून कॅम लॉक करायचे, मग चेन टेन्शनर सैल करायचे आणि त्यानंतरच मागचं फ्लँज काढायचं. हा क्रम चुकला तर शाफ्ट एका बाजूला कलतो, टायमिंग घसरतं, आणि बेअरिंग नवं पण इंजिन गेलं अशी गत होते.

आणखी एक. कामाआधी ऑइल फिल्टर कापून बघितलाच पाहिजे. आतली कागदी पट्टी पसरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी चमकी निघाली तर बेअरिंग आधीच झिजतंय आणि तो चुरा इंजिनभर फिरलाय. अशा इंजिनात नवं बेअरिंग घालून उपयोग नाही, ते पूर्ण खोलावंच लागतं. चुंबकाला न चिकटणारी चमकी ॲल्युमिनियमची, तिचं कारण वेगळं. तपकिरी प्लास्टिकचे बारीक तुकडे चेनच्या गाइडचे असतात. एकदोन दिसले तर झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

---

टॉर्क_रेंच

वर बेअरिंगचं चोख लिहिलंय. पण एडिसनकर, तुमच्या यादीत मला जास्त भीती केमॅनची वाटते, आणि तिथे प्रश्न आयएमएसचा नाहीच.

२००७ च्या केमॅन एस मध्ये एम९७.२१ इंजिन आहे. त्यात आयएमएस बेअरिंग मोठं केलंय. ते इंजिन न फोडता बाहेरच येत नाही, पण ते फुटण्याचं प्रमाणही फार कमी आहे. क्लचचं काम निघालं की त्याचं बाहेरचं सील काढून टाकतात, म्हणजे इंजिनचं ताजं ऑइल त्याला मिळत राहतं. विषय संपला.

या इंजिनाचं खरं दुखणं म्हणजे बोअर स्कोअरिंग, सिलिंडरच्या भिंतीवर पडणारे उभे ओरखडे. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आणि सिलिंडरच्या पृष्ठभागात सिलिकॉनचे कण बसवलेले, त्याला लोकासिल म्हणतात. पिस्टनही ॲल्युमिनियमचा, त्याच्या स्कर्टवर (खालच्या बाजूवर) लेप. थंडीत इंजिन सुरू करताना पेट्रोल जास्त येतं, ते भिंतीवरची ऑइलची फिल्म धुऊन टाकतं. इंजेक्टर ठिबकत असेल तर आणखी वाईट. लेप झिजला की ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासतं, सिलिकॉनचे कण सुटतात आणि तेच कण मग सँडपेपरचं काम करतात. बहुतेक वेळा सुरुवात बँक २ मध्ये होते, म्हणजे सिलिंडर ४, ५, ६, त्यातही सहावा आधी.

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) जितका मोठा तितका धोका जास्त, हा ढोबळ नियम इथे लागू पडतो. बॉक्स्टरच्या ३.२ चा बोअर ९३ मिलिमीटर, केमॅन एसच्या ३.४ चा ९६, ९११ कॅरेरा एसच्या ३.८ चा ९९. तक्रारींचा क्रमही तोच. ३.२ मध्ये स्कोअरिंग क्वचित, ३.८ मध्ये सगळ्यात जास्त. न्यू जर्सीतला हिवाळा आणि पाच मिनिटांच्या फेऱ्या या इंजिनाला मानवत नाहीत.

तपासणीबाबत एक गैरसमज आधी काढून टाका. कॉम्प्रेशन टेस्ट ‘पास’ म्हणजे बोअर चांगला, असं अजिबात नाही. ओरखडे पडलेल्या इंजिनातही रिंगा बऱ्याच काळ दाब धरून ठेवतात. लीकडाउनचंही (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजण्याच्या चाचणीचंही) तेच. डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही.

बघायचं कुठून? स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर बोअरचा वरचाच पट्टा नीट दिसतो. खात्रीचा रस्ता खालून. ऑइल काढायचं, चेंबरची (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागाची) प्लेट उतरवायची, ज्या सिलिंडरचा बोअर बघायचा त्याचा पिस्टन टीडीसीला न्यायचा आणि क्रँकच्या बाजूने कॅमेरा वर सरकवायचा. मग बोअरचा खालचा बराच भाग उघडा पडतो. होनिंगच्या बारीक तिरप्या रेषा दिसल्या तर उत्तम. एखाददुसरी केसासारखी उभी रेघ चालते. पिस्टनच्या रुंदीएवढा करडा, मळकट पट्टा दिसला तर गाडी तिथेच सोडून या. याच कामात चेंबरच्या तळाशी काय साचलंय तेही फुकटात बघून होतं. परत लावताना नवं सीलंट आणि आठ-नऊ लिटर ऑइल लागतं, म्हणून सगळं मिळून ५०० ते ८०० डॉलरच्या घरात जातं. २६,००० च्या गाडीवर हा खर्च टाळणं म्हणजे चार आण्यांसाठी रुपया घालवणं.

ऑइल कमी होतंय का तेही विचारा. कंपनीच्या पुस्तकात १,००० किलोमीटरला दीड लिटरपर्यंतची मोकळीक दिली आहे, विक्रेते तेच पुढे करतात. प्रत्यक्षात १,००० मैलांना एक क्वार्टपेक्षा जास्त जात असेल तर संशय घ्या. गरम इंजिन आयडलवर असताना एकाच बाजूने टिकटिक येते का ते ऐका. ९११ मध्ये डाव्या-उजव्या टेलपाइपच्या काजळीतला फरक बघता येतो. केमॅनला धूर बाहेर पडायची जागा मधोमध एकच, त्यामुळे ती युक्ती इथे चालत नाही.

---

सपाट_सहा

@टॉर्क_रेंच, तपासणीबद्दल दुमत नाही, पण ‘जास्त भीती केमॅनची’ हे जरा जास्त होतंय. स्कोअरिंगला वॉरंटी-दाव्यासारखा कुठलाच धड आकडा नाही. इंजिन बांधणाऱ्यांकडे येणारी प्रत्येक गाडी आजारीच असते, त्यांना सगळीकडे स्कोअरिंगच दिसणार.

---

टॉर्क_रेंच

मान्य, आकडा नाही. म्हणूनच मी शक्यतेवर बोललो नाही, बघून घ्या म्हणालो. बेअरिंगचं आतून काही दिसत नाही, तिथे टक्केवारीवर भरवसा ठेवावा लागतो. बोअर सातशे डॉलरमध्ये डोळ्यांनी दिसतो. मग टक्के कशाला मोजायचे?

---

घाटातला_चालक

एम३ बद्दल थोडक्यात. ई९२ मधला एस६५ हा ४ लिटरचा व्ही८, ८,००० च्या वर फिरणारा. दुखणं कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट कमी ठेवलेली, ऑइल १०डब्ल्यू६० म्हणजे जाड. गाडी थंड असताना कुणी इंजिन ताणलं की फिल्म पोचेपर्यंत बेअरिंगचा थर खरवडून निघतो. आवाज यायला लागेपर्यंत बहुधा क्रँकही गेलेली असते, त्यामुळे ‘आवाज नाही, म्हणजे ठीक आहे’ हा तर्क इथे लंगडा आहे.

जमेची बाजू अशी की हे काम इंजिन न उतरवता होतं. सबफ्रेम खाली घेऊन, चेंबर काढून, खालूनच सगळे १६ शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) बदलतात. रॉडचे बोल्ट दर वेळी नवेच घालायचे, जुने ताणलेले असतात. अंदाजे २,५०० ते ३,५०० डॉलर. ८८,००० मैलांवर हे झालेलं नसेल तर करणार हे धरूनच चला. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणार असाल तर २००८ च्या गाडीत शिसं आणि तांबं बघा, कारण तेव्हाची बेअरिंगं शिसं-तांब्याची होती. नंतरची कथिल-ॲल्युमिनियमची आली, त्यात शिसं दिसणारच नाही, आणि अहवाल स्वच्छ आला म्हणून लोक फसतात. थ्रॉटल ॲक्चुएटरही जातात, पण त्याने खिसा दुखतो, इंजिन मरत नाही.

---

एडिसनकर

वा, हेच हवं होतं. दोन गोष्टी. केमॅनचा विक्रेता चेंबर उघडायला तयार नाही, म्हणतो प्लगमधून काय ते बघा. आणि इंजिन बदलायचीच वेळ आली तर बिल नक्की कसं फुगतं ते कुणीतरी फोडून सांगा.

---

टॉर्क_रेंच

विक्रेता नाही म्हणाला म्हणजे लबाडच असतो असं नाही. अनोळखी माणसाने आपल्या गाडीचं चेंबर खोलायचं ही कल्पना कुणालाच रुचत नाही. मधला मार्ग सुचवा: त्याच्या विश्वासातलं गॅरेज, नवं ऑइल-फिल्टर तुमच्या खर्चाने, सौदा झाला नाही तरी त्याला फुकट ऑइल चेंज. तरीही नाही म्हणाला तर प्लगमधून तिन्ही सिलिंडर (४, ५, ६) पिस्टन तळाला नेऊन बघा, फिल्टर कापा, आणि राहिलेल्या अनिश्चिततेचे पैसे किमतीतून मागा. दोन-तीन हजार कमी करायलाही तो तयार नसेल तर दुसरी केमॅन शोधा. अमेरिकेत या गाड्यांची ददात नाही.

डीएमईचा (इंजिनच्या संगणकाचा) ओव्हर-रेव्ह अहवालही काढून घ्या, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे किती फिरवलंय ते कळतं. या पिढीत त्याचे सहा टप्पे असतात. पहिले दोन-तीन टप्पे भरलेले असणं नेहमीचंच. चौथ्याच्या पुढे आकडे असतील तर कुणीतरी तिसऱ्याऐवजी पहिला गिअर टाकलाय. त्यातले आकडे घटनांचे नसतात, ठिणग्यांचे असतात. ७,५०० आरपीएमला सहा सिलिंडरमध्ये सेकंदाला ३७५ ठिणग्या पडतात, म्हणजे १०० हा आकडा जेमतेम पाव सेकंदाचा. शेजारी इंजिनचे तास लिहिलेले असतात. ती घटना ८०० तासांपूर्वीची असेल तर तेव्हापासून इंजिन चाललंय, सोडून द्या. गेल्या वीस तासांतली असेल तर नको.

आता बिल. केमॅनचं ३.४ धरू, आकडे अंदाजे, गॅरेजागणिक बदलतील.

अपघातातल्या गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ७,००० ते १२,००० डॉलर. इथे मेख अशी की त्याचा बोअरही बघितलेला नसतो. चेंबर उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, नाहीतर एक स्कोअर झालेलं इंजिन काढून दुसरं बसवाल. मजुरी १५ ते २० तास. ताशी १८० धरले तर १८ तासांचे ३,२४०. आणि इंजिन बाहेर आहे तोवर करायची कामं: क्लच, इंजिन माउंट, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, एअर-ऑइल सेपरेटर, रबरी होज, प्लग, ऑइल, कूलंट. दोन हजार तिथे सहज जातात. हे कुणी सुरुवातीला सांगत नाही आणि बिल वाढलं की भांडण होतं. म्हणजे जुनं इंजिन घालूनही १२,००० ते १७,०००.

दुसरा रस्ता आपलंच इंजिन बांधून घेण्याचा. ब्लॉकचे बोअर मोठे करून निकासिलचा (निकेलचा कठीण थर) लेप असलेल्या स्लीव्ह बसवतात, पिस्टन नवे. इलिनॉयमधल्या एलएन इंजिनिअरिंगच्या स्लीव्ह यासाठी नावाजलेल्या, इंग्लंडात बोल्टनचं हारटेक हेच काम करतं. अमेरिकेत हे प्रकरण २०,००० डॉलरच्या पुढे जातं आणि काही महिने गाडी स्टँडवर असते. पण पुन्हा ते दुखणं होत नाही. कंपनीचं रीमॅन्युफॅक्चर्ड इंजिन मिळालं तरी रक्कम त्याच पट्ट्यात, आणि जुनं इंजिन परत द्यावं लागतं.

बेअरिंग फुटून इंजिन गेलं असेल तर इंजिनवर बसवलेला ऑइल कूलर धुऊन परत वापरू देऊ नका. त्याच्या पातळ नळ्यांत पोलादाचा चुरा अडकतो आणि नव्या इंजिनात पहिल्याच आठवड्यात उतरतो. कूलर नवाच.

---

सपाट_सहा

आता हेच बिल तिन्ही गाड्यांना लावून बघा. मजा इथे आहे.

बॉक्स्टरचं इंजिन गेलं तर कुणीही शहाणा माणूस १३,५०० च्या गाडीत १५,००० चं इंजिन टाकणार नाही. चालू स्थितीतल्या सीट, टप, चाकं, गिअरबॉक्स असलेली गाडी, इंजिन गेलेलं असलं तरी, चार-पाच हजाराला पार्टसाठी जाते. म्हणजे वाईटात वाईट नुकसान आठ-नऊ हजार, आणि त्याला तळ आहे. शिवाय बेअरिंग बदललेलं असेल तर ती भीतीही बरीच कमी. केमॅन आणि एम३ मध्ये मात्र गाडी टाकून द्यायला जीव होत नाही, माणूस दुरुस्त करत बसतो, आणि २६,००० ची गाडी ४२,००० ला पडते. तुमचं बजेट ‘सगळं धरून’ ३०,००० आहे, केमॅन घेतल्यावर हातात चार हजार उरतात. त्यात इंजिन सोडा, क्लच आणि टायर बसले तरी पुष्कळ.

माझं मत: बेअरिंगची पावती असलेली बॉक्स्टर, नाहीतर थोडं थांबून २००९ नंतरची केमॅन, साधी २.९ लिटरची. २००९ पासून इंजिनच वेगळं आलं, त्यात तो मधला शाफ्टच नाही. आणि २.९ मध्ये डायरेक्ट इंजेक्शन नसल्यामुळे व्हॉल्व्हवर कार्बन साचण्याची कटकटही नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. बॉक्स्टरच्या इंजिन नंबरात ‘एटी’ ही अक्षरं दिसली तर ते कंपनीने बदलून दिलेलं इंजिन आहे, जर्मनमधल्या ‘आउसटाउश’ (म्हणजे बदली) या शब्दाचं लघुरूप. घाबरू नका, उलट विचारा कोणत्या साली बदललं. उशिरा बदललेलं असेल तर त्यात मोठं बेअरिंग असू शकतं, आणि मग बदलायचा किट मागवून काही उपयोग नाही.

---

कोथरूडकर

उपप्रश्न. पुण्यात एक २००८ ची केमॅन बघतोय, भारतातच नवी विकली गेलेली, १९,००० किलोमीटर. इथे थंडी नाही, म्हणजे स्कोअरिंगची भीती नाही ना?

---

टॉर्क_रेंच

कमी, नाही असं नव्हे. एस आहे की साधी २.७, ते आधी बघा. २.७ चा बोअर ८५.५ मिलिमीटर, तिला हा त्रास जवळपास नाही.

तुमच्याकडे मला दुसऱ्या गोष्टींची काळजी वाटते. १९,००० किलोमीटर म्हणजे गाडी बहुतेक उभीच राहिली. ऑइल किलोमीटरवर नाही, वर्षावर बदललंय का ते बघा. आणि पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर आहेत, त्यात पाला आणि चिखल जाऊन बसतो, वर पावसाळ्यात त्याचा लगदा होतो. बंपर काढल्याशिवाय तो निघत नाही. ट्रॅफिकमध्ये तापमान चढतं त्याचं अर्ध्या वेळा हेच कारण असतं, आणि लोक थर्मोस्टॅट बदलत बसतात. बंपरच्या तोंडातून टॉर्च मारून आधी बघा.

कागदांत इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून घ्या, विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोवरून नाही. इंजिन बदललेलं असून आरटीओत नोंद नसेल तर नावावर करतानाही अडेल आणि विम्याच्या दाव्यातही.

---

एडिसनकर

@सपाट_सहा, बॉक्स्टरवाल्याने पावती पाठवली. २०१६, क्लच, रिअर मेन सील, ‘आयएमएस अपग्रेड’, ३,१५० डॉलर. एवढंच लिहिलंय, कोणतं बेअरिंग ते नाही.

---

सपाट_सहा

त्या गॅरेजला फोन करून भाग क्रमांक विचारा, बिल क्रमांक दिला की बहुतेक जण काढून देतात. सिरॅमिक गोळ्यांचं बॉल बेअरिंग असेल तर ते कायमचं नाही, त्यालाही बदलण्याची मुदत दिलेली असते. २०१६ पासून किती वर्षं आणि किती मैल झाले ते त्या मुदतीशी लावून बघा. दाबाने ऑइल मिळणारं साधं बुश (गोळ्या नसलेलं बेअरिंग) बसवलं असेल तर प्रश्न मिटला. ते असेल तर ऑइल फिल्टरच्या जागी वेगळा अडॅप्टर आणि तिथून गिअरबॉक्सकडे जाणारी बारीक ऑइल लाइन दिसते. गाडी लिफ्टवर घेतली की दोन मिनिटांत कळेल.

आणि फिल्टर कापायला विसरू नका.